वर्धा जिल्ह्याचे कप्पे

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. पहिली काही वर्षे त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या लहानशा वस्तीच्या जागी हलवले गेले आणि तिथे वर्धा शहर आखले गेले. नवा जिल्हा म्हणजे नवे दप्तर. गावे किती, सारा किती, बाजार कुठे भरतो, कापूस कोणत्या पेठेत जातो, हे सगळे लिहून ठेवावे लागते. आणि लिहिलेले पुन्हा सापडेल असे ठेवावे लागते. लिहिणे सोपे, सापडवणे कठीण. तेव्हापासून आजपर्यंत या जिल्ह्याची माहिती मांडण्याच्या रीती अनेकदा बदलल्या. आज ती मोबाइलच्या पडद्यावर टॅबच्या रूपात समोर येते. टॅब म्हणजे कप्प्याच्या कडेवरची नावाची पट्टी: तिला बोट लावले की तो कप्पा उघडतो आणि बाकीचे झाकलेले राहतात. कल्पना पडद्याहून जुनी आहे, आणि वर्ध्याच्या बाबतीत तिचे टप्पे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात.

पहिला छापील टप्पा चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरचा. त्याची दुसरी आवृत्ती १८७० मध्ये नागपूरला निघाली. सगळा प्रांत एकाच ग्रंथात, आणि नोंदी अकारविल्हे. तेही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. त्यामुळे आर्वी ग्रंथाच्या आरंभी, हिंगणघाट मधल्या पानांत आणि वर्धा अगदी शेवटाकडे. मध्ये सागर, रायपूर, मंडला यांची शेकडो पाने. ज्याला गावाचे नाव ठाऊक आहे त्याला हा ग्रंथ चटकन उत्तर देतो. या भागात कापूस कुठे कुठे पिकतो, असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला मात्र सगळा ग्रंथ चाळावा लागतो. कोशाची ही जुनी खोड आहे: नाव माहीत नसलेल्याला तो दार उघडत नाही.

१९०६ मध्ये आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले वर्धा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर आले आणि मांडणीच उलटली. आता जिल्हा विषयांत विभागला गेला. भूवर्णन, इतिहास व पुरातत्त्व, लोक, शेती, किमती-मजुरी-व्यापार, जंगल, दुष्काळ, जमीन महसूल, सामान्य प्रशासन अशी प्रकरणे आली, आणि गावांची अकारविल्हे यादी शेवटी गेली. वर्णन एका भागात, आकड्यांचे तक्ते दुसऱ्यात. मध्य प्रांतातल्या इतर जिल्ह्यांचे ग्रंथही याच साच्यात बसवलेले होते, म्हणून चांद्याचा ग्रंथ वाचलेल्या अधिकाऱ्याला वर्ध्याच्या ग्रंथात कुठे काय असेल हे न शोधता कळे. या मांडणीत कल्पकता फारशी नव्हती; साच्याचा लाभ एवढाच, पण तो मोठा. प्रकरणांची निवडही बोलकी आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ प्रांताने थोड्या वर्षांत भोगलेले होते, म्हणून दुष्काळाला स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या गणतीप्रमाणे ३,८५,१०३ होती आणि तहसिली तीन: वर्धा, आर्वी, हिंगणघाट.

स्वातंत्र्यानंतर वर्धा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्याच्या मालिकेतले वर्धा जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर १९७४ चे. प्रकरणांची संख्या वाढली, शिक्षण, आरोग्य, स्वयंसेवी संस्था यांना जागा मिळाली. ढाचा मात्र रसेलचाच राहिला आणि ‘स्थळे’ हे प्रकरण शेवटीच राहिले.

ही झाली साहेबाच्या टेबलावरची मांडणी. गावात दुसरीच रीत होती. विदर्भात तलाठ्याला आजही बोलण्यात पटवारीच म्हणतात, आणि त्याचे दप्तर पिढ्यान् पिढ्या बस्त्यात, म्हणजे कापडात गुंडाळलेल्या गाठोड्यात राहिले. मालगुजारी ही जमीन महसुलाची जुनी पद्धत १९५१ मध्ये संपली. जमाबंदीच्या काळातले मिसल, गावाच्या वहिवाटीची नोंद असलेले वाजिब-उल-अर्ज, सरपण-चराईच्या हक्कांचे निस्तार पत्रक हे शब्द मात्र इथल्या महसुली बोलीत टिकले. शेवटचे दोन तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहेत. बस्त्याच्या आत कप्पे होते ते क्रमांकांचे. गाव नमुना एक ते एकवीस. फेरफार पाहिजे तर सहा, खातेदाराची एकूण जमीन पाहिजे तर आठ-अ, अधिकार अभिलेख पाहिजे तर सात, पिकांची नोंद पाहिजे तर बारा.

यातला सातबारा मांडणीच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सात आणि बारा हे मुळात दोन वेगळे नमुने. शेतकऱ्याला दोन्ही एकदम लागतात, कारण जमीन कोणाची आणि तीत पेरले काय हे प्रश्न कर्जाच्या वेळी, वादाच्या वेळी, नुकसानभरपाईच्या वेळी जोडीनेच येतात. म्हणून दोन्ही एका कागदावर आले, वर सात आणि खाली बारा, आणि दोन आकड्यांचा मिळून एक मराठी शब्द झाला. मधले आठ ते अकरा वगळले गेले, त्याची खंत कोणाला वाटली नाही. जे एकत्र पाहावे लागते ते वेगवेगळ्या कप्प्यांत टाकू नये, हा टॅबच्या मांडणीतला पहिला नियम समजला जातो. महसूल खात्याने तो संगणकाशिवायच गाठला होता.

कडेला नावाची पट्टी असलेला खराखुरा टॅब आला तो ग्रंथालयांच्या आणि कचेऱ्यांच्या कार्डांतून. अमेरिकेत जेम्स न्यूटन गन यांना १८९७ मध्ये कार्डाच्या वरच्या कडेला पुढे आलेल्या जिभेबद्दल पेटंट मिळाले. ते मेल्विल ड्यूई यांनी सुरू केलेल्या लायब्ररी ब्यूरो या कंपनीशी संबंधित होते. पेटीतली शेकडो कार्डे न उपसता फक्त जिभांवरची अक्षरे वाचून हवे ते कार्ड काढता येऊ लागले. खतावणीच्या पुढच्या पानांच्या कडा पायऱ्यांसारख्या कापून त्यांवर अक्षरे लिहिण्याची पद्धतही याच कुळातली. खातेदाराचे आद्याक्षर पाहायचे, त्या पायरीवर अंगठा ठेवायचा आणि वही तिथेच उघडायची. पायऱ्यांची संख्या मात्र वहीच्या उंचीने ठरते. अक्षरे जास्त असली की पायऱ्या अरुंद होतात आणि अंगठा दोन अक्षरांवर पडतो. ही अडचण पुढे मोबाइलवर जशीच्या तशी परत आली.

पडद्यावरचे टॅब १९९० च्या दशकात सर्वसामान्य झाले. १९९२ मध्ये आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत वहीसारखी दिसणारी, कडेला पट्ट्या असलेली चौकट होती. विंडोज ९५ ने ती घरोघर नेली. वेबवर ही पद्धत लोकांच्या डोळ्यांत भरली ती अमेझॉनमुळे: १९९८ मध्ये पुस्तकांच्या जोडीला संगीत आले तसा वरच्या बाजूला एक टॅब वाढला, मग आणखी वाढत गेले, आणि २००० च्या सुमारास पट्ट्यांच्या दोन ओळी झाल्या. त्यावर टिंगलही झाली. आठ-दहा पट्ट्यांपुढे टॅब हे सूचीचे काम करू शकत नाहीत, हे त्या दोन ओळींनी सगळ्यांना दाखवले.

मराठी पानांची अडचण याहून मूलभूत होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले, पण देवनागरी मजकूर संगणकात साठवण्याबद्दल एकवाक्यता नव्हती. भारतीय मानक असलेली इस्की ही संकेतप्रणाली होती, युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती. तरी प्रत्यक्षात चलती होती ती ज्याच्या त्याच्या फाँटची. त्या फाँटमध्ये ‘क’ हे अक्षर आत कुठल्या तरी रोमन चिन्हाच्या घरात बसवलेले असे. वाचणाऱ्याने तोच फाँट उतरवून घेतला नाही तर ‘जिल्ह्याविषयी’च्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची माळ दिसे. यावर तोडगा म्हणून पट्टीवरचे शब्द चित्र करून टाकत: ‘इतिहास’ हा शब्द नव्हे, ‘इतिहास’ असे लिहिलेले चित्र. चित्र शोधयंत्राला वाचता येत नाही, अंधांच्या वाचक-यंत्राला वाचता येत नाही, आणि पडदा अरुंद झाला तर ते दुसऱ्या ओळीत मोडत नाही, नुसते बारीक होते. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फाँट आला आणि पुढच्या दशकात मराठी पाने हळूहळू युनिकोडवर आली. पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मराठी मांडणीचा पाया हा आहे. त्याच्या आधी तसे काही करणे शक्यच नव्हते.

लिपीच्या बाबतीत वर्ध्याचा स्वतःचाही एक अध्याय आहे. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. काका कालेलकरांच्या पुढाकाराने चाललेल्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी समितीच्या पुस्तकांत वापरली गेली. ‘इ’ आणि ‘उ’ ही वेगळी अक्षरे न ठेवता ‘अ’लाच वेलांट्या आणि उकार द्यायचे, म्हणजे ‘अितिहास’, ‘अुद्योग’. छापखान्याचे खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी व्हाव्यात हा हेतू. पुढे ही रीत मागे पडली. पण त्या काळची पुस्तके संगणकावर जशीच्या तशी टंकली तर ‘इतिहास’ शोधणाऱ्याला त्यांतला ‘अितिहास’ सापडत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. खिळे वाचवायला केलेली युक्ती अशी शोध घेणाऱ्याच्या वाटेत येते.

जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, उभी केली. हे केंद्र १९७६ चे, आणि त्याच्या शाखा जिल्हाधिकारी कचेऱ्यांत पोचलेल्या होत्या. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची देशव्यापी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. त्यानंतर एनआयसीने सर्व जिल्ह्यांसाठी एकच साचा तयार केला. एस३वास हे त्याचे नाव. त्यातला एक ‘एस’ सुगम्य या शब्दाचा आहे. वर्ध्याचे संकेतस्थळही याच साच्यातले. जिल्ह्याविषयी, निर्देशिका, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना ही या साच्यातली ओळखीची नावे, आणि सूचनांच्या आत घोषणा, भरती, निविदा असे पोटकप्पे. रसेलची प्रकरणे शेजारी ठेवली तर साम्य लपत नाही: भूवर्णन आणि इतिहास ‘जिल्ह्याविषयी’त गेले, प्रशासन ‘विभागां’त, दुष्काळाची जागा आपत्ती व्यवस्थापनाने घेतली. बदल झाला तो वाचकात. १९०६ चा ग्रंथ अधिकाऱ्यासाठी होता. संकेतस्थळावर येणारा बहुधा भरतीची जाहिरात किंवा निविदा शोधत असतो, म्हणून ज्या गोष्टीला गॅझेटिअरमध्ये जागाच नव्हती ती आता पहिल्या पानावर असते.

हा वाचक मोबाइल घेऊन येतो. इथेच टॅबची खरी परीक्षा सुरू झाली. इथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची कल्पना मांडली: मोबाइलसाठी वेगळे आणि संगणकासाठी वेगळे संकेतस्थळ करण्याऐवजी एकच पान असावे आणि पडद्याची रुंदी पाहून त्याने स्वतःची रचना बदलावी. २०११ मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅपसारख्या तयार साधनांमुळे ती लहान कचेऱ्यांच्याही आवाक्यात आली. पण टॅबची आडवी पट्टी ही मुळात रुंदी गृहीत धरून बनलेली वस्तू आहे. तिला अरुंद पडद्यावर काय करायचे, याला एकच उत्तर नाही.

वर्ध्याचे तालुके घेऊन हे तपासता येते. तिनांचे आता आठ झाले आहेत: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. समजा प्रत्येक तालुक्याला एक टॅब दिला. नेहमीच्या मोबाइलच्या पडद्याची रुंदी मांडणीच्या हिशेबात ३६० बिंदूंच्या आसपास धरतात. सोळा बिंदूंच्या अक्षरांत ही आठ नावे नुसती लिहिली तरी ती रुंदी जवळजवळ संपते. प्रत्येक नावाच्या दोन्ही बाजूंना बोट नीट पडावे एवढी, म्हणजे सोळा-सोळा बिंदूंची, जागा सोडली की आणखी अडीचशेवर बिंदू लागतात. पट्टी पडद्याच्या पावणेदोन पट होते.

मग तीन वाटा उरतात. पहिली, पट्टी दोन ओळींत मोडू द्यायची. त्यात उघडलेला टॅब वरच्या ओळीत असला तर खालच्या मजकुराशी त्याचा सांधा तुटतो. अमेझॉनच्या दोन ओळींचा हाच रोग. दुसरी, पट्टी बोटाने बाजूला सरकेल अशी ठेवायची. देवळी-सेलू दिसतात, हिंगणघाट आणि समुद्रपूर पडद्याबाहेर राहतात. तिकडे आणखी काही आहे हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून कडेचे नाव मुद्दाम अर्धे कापलेले दिसू देतात. ‘कारं’ एवढेच दिसले की बोट आपोआप पुढे सरकते; नेमके दोन नावांच्या मधल्या फटीत पट्टी संपली तर समुद्रपूरचा माणूस आपला तालुका यादीत नाही असे समजून परत जातो. तिसरी वाट म्हणजे आडवी पट्टी मोडून उभी करायची: आठ मथळे एकाखाली एक, आणि ज्यावर बोट लावले त्याच्याच खाली त्याचा मजकूर उलगडतो. याला अ‍ॅकॉर्डियन म्हणतात, पेटीच्या भात्यावरून. तालुक्यांसारख्या यादीला हीच वाट बरी, कारण आठही नावे एकदम दिसतात आणि संख्या दहा झाली तरी काही बिघडत नाही. पट्टी शोभते ती दोन-चार कप्प्यांना: घोषणा, भरती, निविदा.

देवनागरीची म्हणून आणखी एक गोची आहे. रोमन अक्षरांच्या अंदाजाने पट्टीची उंची बांधलेली असली की ‘आर्वी’तला रफार आणि वेलांटी वरच्या कडेला चिकटतात किंवा कापल्या जातात. खाली, उघडलेला टॅब दाखवणारी रेघ ‘सेलू’च्या ऊकाराला छेदते. ‘समुद्रपूर’मध्ये तर मु, द्र, पू अशा तीन ठिकाणी अक्षर ओळीखाली उतरते. उपाय साधा आहे, उंची बिंदूंत न बांधता अक्षराच्या पटीत द्यायची आणि ओळीला मोकळी जागा ठेवायची. पण तो सुचायला मांडणी मराठी नावे घालून तपासलेली असावी लागते. साचे बहुधा इंग्रजी शब्द घालून तपासतात.

पट्टीवर नाव काय लिहायचे, हा प्रश्न तर वर्ध्याला फारच जुना. आष्टी बीड जिल्ह्यातही आहे, सेलू परभणीतही, कारंजा वाशीममध्येही. म्हणून इथल्या दोघांना आष्टी (शहीद) आणि कारंजा (घाडगे) म्हणतात. जिल्ह्याच्या स्वतःच्या पानावर ‘कारंजा’ पुरते, पण तेच पान शोधयंत्रातून उघडणाऱ्याला पुरत नाही. त्यामुळे पट्टीवर आखूड आणि आतल्या मथळ्यावर पूर्ण नाव देणे शहाणपणाचे. याच घोळाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सेगावचे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. त्यांचे टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या, रेल्वेच्या मुख्य मार्गावरच्या शेगावला जाऊ लागले. अखेर १९४० मध्ये गावाचेच नाव सेवाग्राम झाले. लेबल गोंधळाचे ठरले म्हणून वस्तूचेच नाव बदलले, असे उदाहरण विरळा.

हेच सेवाग्राम कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हाही प्रश्नच. ते इतिहासात येते, पर्यटनात येते, आणि तिथे १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था असल्याने आरोग्यातही. छापील गॅझेटिअरने हे ‘पाहा’ या शब्दावर निभावले: एका ठिकाणी पूर्ण नोंद, बाकी ठिकाणी बोट दाखवायचे. टॅबमध्ये मजकूर एकाच कप्प्यात झाकलेला असतो, म्हणून दुसऱ्या कप्प्यांतून तिथे नेणारा दुवा द्यावाच लागतो, आणि त्या दुव्याने पान नव्हे तर पानातला नेमका टॅब उघडावा लागतो. बरेच टॅब इथे नापास होतात. दुवा पाठवणाऱ्याने ‘निविदा’ पाठवलेली असते आणि घेणाऱ्यापुढे ‘घोषणा’ उघडते. वर्ध्यातल्याच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या ‘हिंदी समय’ या संकेतस्थळाने वेगळी वाट धरली. तिथे कादंबरी, कथा, कविता, नाटक, निबंध असे साहित्यप्रकारांचे कप्पे आहेत, पण प्रत्येक रचनेला स्वतःचे पान आहे. कप्पे फक्त वाट दाखवतात. पुष्कळ मजकूर असेल तिथे हेच योग्य. टॅब थोडक्या मजकुरासाठी असतात.

झाकलेल्या मजकुराचा शेवटचा हिशेब डोळ्यांनी न पाहणाऱ्यांचा. जागतिक वेब संघाने २०१४ मध्ये मान्य केलेल्या नियमांनुसार पट्टी, टॅब आणि त्याचा मजकूर यांना पानाच्या आतल्या खुणांत तशी ओळख द्यावी लागते. मग वाचक-यंत्र ‘टॅब, आठपैकी तिसरा, निवडलेला’ असे सांगते; बाणांची तशी सोय लिहिलेली असली तर कळफलकाने पुढे-मागेही जाता येते. याच संघाच्या सुगम्यतेच्या वेगळ्या नियमावलीच्या २०१८ च्या आवृत्तीत ३२० बिंदूंच्या रुंदीतही आडवे न सरकवता मजकूर वाचता यावा अशी अट आली, आणि २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी त्याच नियमावलीचा आधार घेतला. एक गोष्ट मात्र नियमांपेक्षा सवयीची आहे. वर्ध्यात काय किंवा समुद्रपुरात काय, सरकारी पान पाहिले की त्याची प्रत काढायची असते. टॅब असलेले पान छापायला दिले तर बऱ्याचदा उघडा कप्पा तेवढा कागदावर येतो. म्हणून जाणते मांडणीकार छपाईसाठी वेगळा नियम लिहितात: पट्टी काढून टाकायची, सगळे कप्पे उघडायचे, प्रत्येकाचे नाव मथळा म्हणून वर द्यायचे आणि मजकूर एकाखाली एक ओळीने लावायचा, १९०६ च्या ग्रंथातल्या प्रकरणांसारखा.